सनसेट पॉइंटावरचं माहेर

भाद्रपद सरत आला की आमच्या चारकोपच्या बैठ्या घरात सकाळचं एक पिवळसर, ओलसर, काहीसं थकलेलं ऊन येतं. समोर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या मधून ते कशीबशी वाट काढतं, स्वयंपाकघराच्या जाळीतून ओट्यावर उतरतं आणि चहाला उकळी येईपर्यंत थांबून निघून जातं. तेवढ्या अवकाशात माझ्या सासूबाई तांदळाचं ताट घेऊन त्या उन्हात येऊन उभ्या राहतात. बोटं तांदळातून फिरत असतात, खडा लागला की क्षणभर थबकतात, तो बाजूला काढतात आणि पुन्हा फिरू लागतात. मान मात्र वर, त्या उजेडाकडे वळलेली. जाळीवर चिमण्या भांडत असतात, शेजारच्या घरात मिक्सर कोकलत असतो, बाहेर भाजीवाला ओरडत असतो, आणि ह्या सगळ्या गलबल्यात त्यांच्या तांदळाचा तो बारीक, कोरडा, सरसरणारा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो. त्या आता तांदूळ बघून निवडत नाहीत, नुसत्या हाताने निवडतात, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. एकाच ओट्यावर रोज काम करणाऱ्या बाईला ते आधी कळायला हवं होतं.

त्यांचं नाव हौसाबाई. मी त्यांना आई म्हणते. काचबिंदूने त्यांची नजर कडांकडून आत आत मिटत आणली आहे. बोरिवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते थेंबांनी जपायचं, आणि तेही किती काळ जपलं जाईल ते सांगता येत नाही. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या डोळ्यांत औषध घालते. त्या खुर्चीत मान मागे टाकून बसतात, माझं मनगट घट्ट धरून ठेवतात आणि थेंब पडला की लहान मुलीसारखा चेहरा आक्रसून घेतात. त्यांना आता समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं दिसत नाही; म्हणून कुणी हाक मारली की नुसते डोळे वळवून भागत नाही, त्या खांद्यापासून अख्ख्या वळतात, सावकाश, आणि बोलणाऱ्याला आपल्या उरलेल्या नजरेच्या मधोमध आणून ठेवतात. माझी एक मैत्रीण घरी आली होती, ती म्हणाली, तुझ्या सासूबाई किती लक्ष देऊन बघतात गं माणसाकडे. तिला खरं कारण सांगणं माझ्या जिवावर आलं. मी नुसती हसले.

माझा नवरा नितीन शनिवार-रविवारच्या सहली नेतो. एक छोटी बस आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशी उपनगरांतून माणसं गोळा करायची आणि त्यांना डोंगर दाखवून रविवारी रात्रीपर्यंत आपापल्या सोसायटीच्या गेटवर आणून सोडायची, असा तो धंदा. आठवडाभर संगणकापुढे वाकलेल्या माणसांना डोंगराची अपार ओढ असते, आणि आमच्या सगळ्या सहलींत जोरात चालते ती कारवंडीची. कोयनेच्या खोऱ्यावर, घाटमाथ्याच्या कुशीत लपलेलं हे गाव. तिथे जाण्यासारखं काय आहे हे जगाला ओरडून सांगायचं काम माझं. मी घरी बसून फोन घेते, फोटो टाकते, कारवंडीत आवर्जून पाहावीत अशी ठिकाणं म्हणून झोकात वर्णनं लिहिते. सनसेट पॉइंट, इको पॉइंट, मिरर लेक, फ्लॉवर प्लॅटो ही नावं माझीच. ती ठेवताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

कारवंडी हे आईंचं माहेर. माझ्या सनसेट पॉइंटावर त्यांच्या वडिलांचं खळं होतं. नाचणी-वरीची मळणी तिथे व्हायची आणि दिवस मावळताना कोंडा अंगाला चिकटून खाज सुटायची, एवढाच त्यांच्या लेखी त्या सूर्यास्ताचा महिमा. इको पॉइंटावरून बायका दरीपलीकडच्या रानात गेलेल्या पुरुषांना जेवायला हाका मारायच्या. मिरर लेक म्हणजे म्हशींचा डोह. आणि तो फ्लॉवर प्लॅटो, ज्याचे फोटो बघून लोक वेडे होतात, तो गावचा सडा. त्या सड्यावर फुलं बघत बसल्या आणि गुरं दुसऱ्याच्या शेतात शिरली म्हणून आईंनी लहानपणी सपाटून मार खाल्ला होता. ही सगळी हकिकत त्या शुक्रवारी संध्याकाळी सांगतात. नितीन पिशवी भरत असतो, त्या पलंगाच्या कडेला बसून त्याचा टॉवेल घडी करत असतात, आणि मध्येच त्यांचा आवाज बदलतो, पातळ होतो, पोरीसोरीचा होतो.

"आता तेरडा झाला असंल बघ सड्यावर. जिकडं तिकडं गुलाबी. सोनकी अजून यायची हाय. आन् डोहाजवळ जाऊ देऊ नगंस रं कुणाला, शेवाळ असतं."

दुसऱ्या दिवशी तेच सगळं नितीन माइकवर सांगतो. तेरडा, सोनकी, शेवाळ, गुरं, मार. सोबत एक-दोन विनोद पदरचे. लोक टाळ्या वाजवतात, फोनवर मला सांगतात, काय सुंदर माहिती दिली हो नितीनसरांनी, अगदी आतून बोलतात. आतून बोलणारी बाई त्या वेळी चारकोपला आमच्या मुलीला वरणभात भरवत असते. कारण शनिवारी नितीन कारवंडीला गेला की मी घाटकोपरला जाते.

घाटकोपर हे माझं माहेर. तिथे जायला मला मुहूर्त लागत नाही, निमित्त लागत नाही, कपडेही बदलावे लागत नाहीत. मनात आलं की रिक्षा करायची, पुढे मेट्रो धरायची, आणि दार उघडताच माझ्या आईने म्हणायचं, "आलीस? चप्पल बाहेर काढ, आत्ताच फरशी पुसलीये." मी पलंगावर आडवी होते, भावाशी भांडते, वहिनीच्या हातचं खाते आणि संध्याकाळी ताजीतवानी होऊन परत येते. घरी आले की आई विचारतात, "समदी बरी हायेत ना तिकडं?" आणि माझ्या माहेरच्या प्रत्येकाची नावानिशी चौकशी करतात. त्यांच्या माहेरची चौकशी मी कधी केल्याचं मला आठवत नाही.

विचारलं नाही असं मात्र नाही. नितीन विचारायचा. गाडीत जागा उरली की शुक्रवारी रात्री हात पुसत म्हणायचा, "आई, एक सीट रिकामी आहे गं, चल ना. झकास फिरून येशील." त्या म्हणायच्या, "नगं रे बाबा. कोन तरी गिऱ्हाईक मिळंल, त्याला दे." आणि आम्ही ते खरं मानायचो. नितीन मला म्हणायचा, तिला गावाचं काही राहिलं नाही आता, पक्की मुंबईकर झाली ती. मीही मान डोलवायची. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या माउलीने आपल्या हक्काची एक तरी गोष्ट पहिल्या झटक्यात हो म्हणून घेतली होती का, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला ते कळलं ते ह्या श्रावणात, डोळ्यांत थेंब घालताना. पाऊस थांबून नुसती पागोळी टपटपत होती. आई मान मागे टाकून, डोळे मिटून बसल्या होत्या. थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून ठेवायचे असतात, आणि त्या मिटल्या वेळात माणूस एरवी बोलणार नाही ते बोलतो. त्या दत्तूमामांविषयी सांगू लागल्या. दत्तूमामा हे त्यांचे धाकटे भाऊ. माझ्या लग्नानंतरची काही वर्षं मी त्यांना पाहिलं होतं. ह्याच सुमाराला ते यायचे. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत नाचणीचं पीठ आणि जुन्या बाटलीत भरलेला मध. आले की पायांवर पाणी घ्यायचे, चहा प्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे, जेवायचे, सुपारी कातरायचे, आणि हे सारं झाल्यावर, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात, माझ्या सासऱ्यांना म्हणायचे, "हौसाला न्यायला आलोय. पाठवताय न्हवं?" सासरे जरा आढेवेढे घ्यायचे, बघू म्हणायचे. आत आईंची पिशवी केव्हाची भरून तयार असायची. मला तेव्हा तो सगळा पोरखेळ वाटायचा.

"मुऱ्हाळी म्हणत्यात त्याला," आई डोळे न उघडता म्हणाल्या. "न्यायला येतो त्यो. पुढं तुझं सासरे गेले, तरीबी दत्तू यायचा, मंग नितीनला विचारायचा. मग त्याचं गुडघं गेलं. फोन करायचा, हौसे, औंदा काय जमंना गं. मी म्हणायची, राहू दे."

"मग तुम्ही जायचं ना, आई. नितीनची गाडी जातेच की."

त्या हसल्या. मिटल्या डोळ्यांच्या कडेने औषधाचा की कशाचा एक ओघळ कानाकडे गेला.

"असं कसं गं जायचं आपल्या पायांनी? माहेराला न्हेत्यात. जात न्हाईत."

माझ्या हातात ती औषधाची एवढीशी बाटली होती आणि मला ती ठेवायला जागा सापडेना. आम्ही त्यांना बोलावत होतो ते कसं, तर गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून उरलेल्या सीटवर. ज्या बाईला न्यायला दर वर्षी माणूस येत असे, पाय धुऊन, जेवून, हात जोडून मागणं घालत असे, तिला आम्ही सांगत होतो की जागा वाया जाते आहे तर ये. मला शरम वाटली. पण त्याहून मोठी शरमेची गोष्ट माझ्या मनात त्याच क्षणी वर आली, आणि ती आईंनी काढली नाही म्हणूनच मला जास्त झोंबली.

गेल्या दिवाळीत दत्तूमामा गेले. पाडव्याच्या दिवशी गावाहून फोन आला. नितीन दिवाळीची मोठी सहल घेऊन कोकणात होता. त्याने फोनवरून सांगितलं, आई, एवढी माणसं सोडून कसा येऊ, दहाव्याला नक्की जाऊ, सगळे जाऊ. आई बरं म्हणाल्या. मी त्यांना घेऊन निघू शकले असते. गाडी करता आली असती, एसटी होती, चुलतदीर बोरिवलीला राहतो त्याला हाक मारता आली असती. पण दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. आईंनी डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांनी भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि माझी घालमेल बघून त्याच म्हणाल्या, "तू जा. तुझ्या भावाला ओवाळून ये. त्याला नाराज करू नगंस." मी गेले. ओवाळलं, जेवले, फोटो काढले. दहावा आला तेव्हा पुन्हा गाडी भरलेली होती. पुढे तो विषय निघाला नाही. आईंनी काढला नाही, आणि त्या काढत नाहीत ह्याचा आम्ही निमूटपणे फायदा घेतला.

ह्या वर्षी त्यांना न्यायचंच, असं मी ठरवलं. डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर त्यांनी ते खळं, तो सडा, ते माहेरचं दार बघायला हवं होतं. मुऱ्हाळी उरला नव्हता, तर मी होणार होते. सुनेने सासूला माहेरी न्यावं असं कुठे लिहिलेलं नाही आणि नेऊ नये असंही कुठे लिहिलेलं नाही. नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "शनिवारी गाडी जातेय ना. पुढची खिडकीची सीट तिला देऊ. वेगळी गाडी करून मी सहल सोडली तर सीझनची वाट लागेल यार." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. सगळं कसं एका फेरीत उरकत होतं.

शनिवारी पहाटे मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. हातात पिशवी होती, पिशवीत घरीच केलेले कानवले. दार आईंनी उघडलं. त्या अख्ख्या वळून माझ्याकडे बघत राहिल्या.

"अगं, तू भाईर कशी?"

"हौसाबाईंना न्यायला आलेय," मी म्हणाले. आवाज कापू नये म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले. "पाठवताय ना?"

मागे नितीन उभा होता. त्याने वडिलांसारखे आढेवेढे घ्यायचा प्रयत्न केला, "बघू, घरात कामं पडलीत," असं काहीतरी म्हणाला. आई दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आधी अविश्वास, मग लाज, मग हळूहळू वर येणारा असा एक आनंद की त्याला कुठे ठेवावं ते त्यांनाच समजेना. त्या लगबगीने आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि माझ्या पायांवर घालू लागल्या. मी मागे सरले तर ओरडल्या, "उभी रहा गं. मुऱ्हाळ्याचं पाय असंच कोरडं ठेवत्यात व्हय?" मग ट्रंकेतून हिरवं इरकली लुगडं काढलं, नेसल्या, सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच केसांत अबोलीचा गजरा माळला. मुलीला शेजारच्या काकूंकडे पाठवलं. माझं बोट धरून त्या घरातून निघाल्या आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन एकदम थांबल्या.

तिथे बस उभी होती. आत दिवे लागले होते, मागे कुणीतरी गाणी लावली होती, टपावर सॅका चढत होत्या.

"ही गाडी?" त्यांनी विचारलं.

"आपलीच आहे, आई."

पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी माझ्या कानाशी आल्या आणि हळू म्हणाल्या, "नितीनला सांग, माझं नाव कुणाला सांगू नगंस. सहलीच्या गाडीतनं उतरताना गाव बघंल." मी कशीबशी मान हलवली. पुढची खिडकीची सीट त्यांना दिली. डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा चढवून, पदर डोक्यावर ओढून त्या रस्ताभर ताठ बसून राहिल्या, आणि नितीन माइकवर तेरडा, सोनकी आणि मार खाल्लेल्या पोरीची गोष्ट सांगत होता तेव्हा बाकीच्यांबरोबर हसल्याही.

कारवंडीत आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलत होती. सड्यावर तेरडा खरोखरच जिकडं तिकडं होता. हवेत ओल्या गवताचा, शेणाचा, भाजणाऱ्या कणसांचा वास मिसळला होता, आणि खाली दरीत ढग असे निवांत बसले होते जसे काही त्यांना दुसरं काम नाही. आई हळूहळू चालत होत्या. त्या काही बघत होत्या म्हणण्यापेक्षा गोळा करत होत्या. एक आंबा, एक बांध, एक डोंगराची धार, असं एकेक नजरेच्या मधोमध आणायचं, तिथे क्षणभर धरायचं, मग पुढचं. लोक त्यांना ओलांडून धावत पुढे जात होते. सनसेट पॉइंटावर आता सिमेंटचा कोबा आहे, कडेला रंगवलेला कठडा आहे, आणि दरीकडे पाठ करून उभी केलेली मोठ्ठाली अक्षरं आहेत: आय लव्ह कारवंडी. लव्हच्या जागी लाल हृदय आहे.

आई त्या कोब्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि चप्पल काढून अनवाणी पायाने सिमेंट चाचपू लागल्या. मला आधी कळलं नाही. खळ्याच्या मध्यावर मळणीचे बैल फिरवायला एक खांब रोवतात, त्याला तिवडा म्हणतात. त्या तिवड्याचा खड्डा शोधत होत्या. पाय इकडून तिकडे, सावकाश, तांदळातल्या बोटांइतका सावध.

"आजी, जरा साइडला व्हाल का?" एक मुलगी गोड आवाजात म्हणाली. "हार्ट येत नाहीये फोटोत."

"हां हां, घ्या की," म्हणत आई गडबडीने बाजूला झाल्या. ज्या बाजूला त्यांना काही दिसत नाही त्याच बाजूला. मी धावत जाऊन कोपर धरलं. ती मुलगी वाईट नव्हती, तिने थँक्यूसुद्धा म्हटलं. हे सगळं पाहायला या असं तिला मीच लिहून कळवलं होतं.

कोब्याच्या वर, थोड्या अंतरावर, दत्तूमामांचं कौलारू घर. आई तिथवर गेल्या नाहीत. लांबूनच विचारलं, "कुलूप हाय का गं?"

"हो."

"पितळी का लोखंडी?"

"लोखंडी."

"मग नवं लावलंय पोरांनी," त्या म्हणाल्या, आणि वळल्या.

मी त्यांना जवळच्या कणसांच्या टपरीवर बसवलं. निखाऱ्यांपुढे एक मध्यमवयीन बाई बसली होती, चुणचुणीत, बोलघेवडी. "बसा की मावशी, पाय दुखलं असतील," असं म्हणून तिने आईंना पाट सरकवला, आणि कणीस फिरवता फिरवता विचारलं, "कुठनं आलासा?"

काळ्या चष्म्यामुळे आणि ओढलेल्या पदरामुळे तिने त्यांना ओळखलं नव्हतं. मी आईंकडे पाहिलं. आता त्या सांगतील, मला वाटलं. वडिलांचं नाव सांगतील, ही बाई निखारे टाकून उठेल, कुणाला तरी हाक मारेल, आणि माझ्या हातून जे बिघडलं ते गाव आपल्या हाताने नीट करेल.

"मुंबईस्नं," आई म्हणाल्या.

आमच्याच गाडीतल्या मुलुंडच्या एक बाई कणीस घ्यायला आल्या. घराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "किती सुंदर आहे हो हे! बंद का ठेवलंय?"

"दत्तूबाचं ते," टपरीवालीने वारा घालत सांगितलं. "गेल्या दिवाळीत गेला बिचारा. पोरं पुन्याला. येक भन हाय त्याची ममईला, ह्यो तुमचा गाडीवाला नितीन न्हवं का, त्याचीच आय. शेवटाला लई नाव घेतलं बगा त्यानं तिचं. हौसी आली का, हौसी आली का. न्हाई आली. तोंड बगायला न्हाई, दहाव्याला न्हाई. पोरगा धंद्यात, त्याला कुठली सवड. पर बाईला घरी बसून काय काम व्हतं?"

"अय्या, नितीनसरांची आई?" मुलुंडच्या बाईंनी चुकचुकत मान हलवली. "एवढा गोड माणूस आणि आई अशी? कमाल असते ना एकेकाची."

निखाऱ्यावर दाणे तडतडत होते. नितीन तिकडे कठड्याजवळ माइकवर लोकांना सूर्य कुठल्या डोंगरामागे जातो ते दाखवत होता. आईंचा चेहरा काळ्या चष्म्याआड होता. पदर त्यांनी जरा पुढे ओढून घेतला, आणि मग त्या खांद्यापासून अख्ख्या वळल्या, माझ्याकडे नव्हे, त्या टपरीवालीकडे.

"असंल बाईची काय तरी अडचण," त्या म्हणाल्या. "कणीस चांगलं भाजलंय हो."

ती अडचण त्यांच्या शेजारी उभी होती. तिच्या हातात गरम कणीस होतं, तिने गेल्या भाऊबीजेला आपल्या भावाला ओवाळलं होतं, फोटो काढले होते, आणि तिला तिथे तोंड उघडून एक साधं वाक्य बोलता आलं असतं. मी बोलले नाही. आईंचा मान राखायला गप्प बसले असं मी नंतर स्वतःला समजावून पाहिलं, पण ते खोटं आहे. मला मुलुंडच्या त्या बाईंची लाज वाटली. टपरीवालीने निरोप देताना "पुन्यांदा या मावशी" म्हटलं आणि आईंनी "येऊ" म्हटलं, पाहुण्याने म्हणावं तसं, अदबीने.

सूर्य गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दरीतून गार वारा वर आला. मी आईंच्या खांद्यावर शाल घातली आणि त्यांना बसकडे घेऊन चालू लागले. वर्षं जातील, आईंचा उरलासुरला उजेड जाईल, आम्हीही जाऊ. पण जो एक दिवस आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला, ज्या दिवशी त्या तिथे नव्हत्या, तो त्या गावात त्यांच्याच नावावर उभा आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो तिथे दाखवला जातो.